ताट चाळीस सेंटचं, बिल कोटींचं: ॲरिझोनातल्या एका शेरीफसेवेचं परीक्षण

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत सिक्युरिटी एजन्सी बदलायची वेळ आली की सभेत दोन तट पडतात. एक म्हणतो, गार्ड कडक हवेत, डिलिव्हरीवाल्याला गेटवरच रोखलं पाहिजे. दुसरा म्हणतो, आधी रेट दाखवा. जुनाजाणता सेक्रेटरी दोघांचं ऐकून घेतो आणि एजन्सीकडे तिसराच कागद मागतो: आधीच्या सोसायट्यांमधलं तक्रारींचं रजिस्टर. गार्डच्या वागण्यापायी कुणाला कोर्टाची पायरी चढावी लागली का, आणि लागली असेल तर तो खर्च कुणाच्या मेंटेनन्समधून गेला, हेही विचारतो. इथे तोच कागद मागितला आहे, फक्त एजन्सी दूरची आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं मारिकोपा काउंटीचं शेरीफ ऑफिस, आणि १ जानेवारी १९९३ पासून २०१६ अखेरपर्यंत सलग २४ वर्षं ते चालवणारे जो अर्पायो.

ठाण्यात बसून ही उठाठेव कशाला? एक तर ठाण्या-वाशीतल्या बऱ्याच घरांतली मुलं टेम्पीच्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतात, काही चॅन्डलरला नोकरी करतात, आणि ही दोन्ही गावं याच काउंटीत आहेत. दुसरं म्हणजे, कैद्यांना तंबूत ठेवून गुलाबी चड्ड्या घालायला लावणाऱ्या या अधिकाऱ्याचा फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच, खाली ‘असा माणूस आपल्याकडे पाहिजे’ ही ओळ ठरलेली. त्या फॉरवर्डमधली बरीचशी माहिती खरी असते. बिल तेवढं कापलेलं असतं.

पद काय आहे ते आधी नीट समजून घ्या, कारण निम्मी गडबड तिथेच आहे. शेरीफ म्हटल्यावर आपल्याला मुंबईचे नगरपाल आठवतात. दिलीपकुमार, सुनील गावसकर यांनी भूषवलेलं, वर्षभराचं मानाचं पद. ॲरिझोनातला शेरीफ तसा नाही. तो पक्षाच्या तिकिटावर दर ४ वर्षांनी निवडून येतो, कितीही वेळा उभा राहू शकतो आणि त्याच्या हाताखाली बंदूकधारी पोलीसदल असतं. मारिकोपाचं क्षेत्रफळ सुमारे २३,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या साडेपाचपट; वस्ती २०२० च्या जनगणनेत ४४ लाखांवर. फिनिक्स, मेसा, टेम्पी, चॅन्डलर यांची आपापली पोलीसखाती आहेत. शेरीफकडे उरतो तो शहरांबाहेरचा उघडा मुलूख, फाउंटन हिल्स, केव्ह क्रीक, ग्वाडालूप अशी कंत्राटावर पोलीस घेणारी छोटी गावं, आणि संपूर्ण काउंटीचे तुरुंग.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा. आपल्याकडे ठाणे पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ठाणे मध्यवर्ती कारागृह वेगळं. पकडणारा एक, सांभाळणारा दुसरा. कारागृह विभागाचे वरिष्ठ पुण्यात बसतात, आयुक्तांची बदली गृहखातं करतं. मारिकोपात पकडणारा आणि कोंडणारा एकच माणूस. काउंटीचं पाच जणांचं सुपरवायझर मंडळ त्याला पैसे देतं, पण त्याला घरी पाठवू शकत नाही. एजन्सीचा मालक सोसायटीच्या सभेत निवडून आलेला असावा आणि कमिटीला फक्त चेक फाडण्याचा अधिकार असावा, असा हा करार.

अर्पायो नवखे नव्हते. जन्म १९३२, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड. लष्कर, मग वॉशिंग्टनमध्ये साधा पोलीस, त्यानंतर अमली पदार्थविरोधी खात्यात २५ वर्षं, त्यात तुर्कस्तान आणि मेक्सिकोतल्या नेमणुका. १९८२ मध्ये त्या खात्याचे ॲरिझोनातले प्रमुख म्हणून निवृत्त झाले. १९९२ ची निवडणूक लढवताना त्यांनी एकच मुदत राहीन असं सांगितलं होतं. सहा राहिले.

मुक्काम

तुरुंगात जागा नाही ही अडचण ठाणेकरांना सांगायला नको. आपल्या पोर्तुगीज किल्ल्यातल्या जेलची अधिकृत क्षमता १,१०५, तळोज्याची २,१२४, आणि दोन्हीकडे बरॅकमध्ये कूस बदलायला शेजाऱ्याची परवानगी लागते. अर्पायो यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. नवा तुरुंग बांधायला कोट्यवधी डॉलर लागले असते. त्यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये कोरियन युद्धाच्या वेळचे लष्करी तंबू मिळवले, एका जुन्या तुरुंगाच्या आवारात ठोकले आणि शिक्षा झालेले कैदी त्यात हलवले. खर्च एक लाख डॉलरच्या आसपास. पहाऱ्याच्या मनोऱ्यावर मोटेलला असते तशी ‘जागा आहे’ ही निऑन पाटी लावली. ही पाटी म्हणजे सगळ्या सेवेचा नमुना: कैद्यासाठी तिचा उपयोग शून्य, कॅमेऱ्यासाठी शंभर टक्के.

जाड कॅनव्हासच्या तंबूत फिनिक्सच्या उन्हाचं काय होतं ते पाहा. तिथे जूनमध्ये सावलीतलं तापमान ४३-४४ अंशांवर जाणं नेहमीचं. कॅनव्हास दिवसभर तापतो आणि आतली हवा कोंडून धरतो. कडेचे पडदे वर गुंडाळले तर वारा खेळतो, पण तोच गरम. २०११ च्या उन्हाळ्यात तंबूच्या आत १४५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ६३ सेल्सिअसची नोंद झाली. आपल्या दमट उकाड्याशी याची तुलना होत नाही. इथे घामाने अंग चिंब होतं, तिथे घाम दिसायच्या आत सुकतो आणि अंगातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही. मानसिक आजाराची काही औषधं शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी करतात, त्यामुळे ती घेणाऱ्या कैद्याला हाच उकाडा जिवावर बेतू शकतो. तुरुंगांविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश नील वेक यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये नेमका हा मुद्दा धरला आणि अशी औषधं घेणाऱ्या कच्च्या कैद्यांच्या खोलीचं तापमान ८५ फॅरनहाइटच्या, सुमारे साडेएकोणतीस सेल्सिअसच्या, वर जाता कामा नये असा आदेश दिला. २०१० मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम केला.

आता फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट. कडक वागणुकीने माणूस पुन्हा गुन्हा करत नाही, हा या सेवेचा मुख्य दावा. तो तपासायला अर्पायो यांनी स्वतःच ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांकडून पाहणी करून घेतली. १९९८ मध्ये निष्कर्ष आला: त्यांच्या आधी सुटलेले कैदी आणि त्यांच्या काळात सुटलेले कैदी, दोघांच्या पुन्हा गुन्हा करण्यात लक्षात घेण्याजोगा फरक नाही. तंबू त्यानंतरही १९ वर्षं उभे होते.

ते स्वस्त होते, हेही पुढे खोटं ठरलं. कॅनव्हासला भिंत नसते. भिंत असलेल्या बरॅकवर जितकी माणसं पुरतात त्याहून जास्त पहारेकरी उघड्या आवारात लागतात, आणि कैदी कमी झाले तरी पहारा तेवढाच ठेवावा लागतो. पुढचे शेरीफ पॉल पेन्झोन यांनी २०१७ मध्ये तंबू बंद करताना वर्षाला ४५ लाख डॉलर वाचतील असा हिशोब मांडला. इमारतीच्या आत जागा रिकामी पडून होतीच. मुक्कामाला पाचपैकी अर्धा तारा, तोही तंबू पटकन उभे राहिले म्हणून.

ताट

दिवसातून दोन जेवणं, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दर ताटामागे १५ ते ४० सेंट खर्च येतो असं अर्पायो अभिमानाने सांगत. पोलिसांच्या कुत्र्याच्या खाण्यावर कैद्यापेक्षा जास्त खर्च होतो हेही त्यांचं भाषणातलं आवडतं वाक्य. मीठ-मिरपूड बंद करून वर्षाला २० हजार डॉलर वाचवले. कॉफी बंद, सिगारेट बंद. सप्टेंबर २०१३ मध्ये मांस बंद करून आणखी एक लाख डॉलर वाचवल्याची घोषणा केली. २०१४ मध्ये कोठडीतला राष्ट्रध्वज फाडणाऱ्यांना पाव आणि पाण्यावर ठेवलं.

मोठं स्वयंपाकघर चालवणाऱ्याला विचारा, इतक्या कमी दरात ताट बसतं कसं. भाव पाडून बसत नाही, माल बदलून बसतं: मुदत संपत आलेला, कुणी दान केलेला, दुकानाने नाकारलेला. अशा मालाला निवडायला माणसं लागतात आणि साठवायला शीतगृह. ते नसलं की सँडविचचा पाव बुरशी धरतो आणि आतल्या मांसाच्या चकतीला हिरवट झाक येते. मारिकोपाच्या तुरुंगातल्या ‘हिरव्या सँडविच’ची ख्याती तिथूनच. २००८ च्या निकालात खराब, न खाण्याजोगं अन्न मिळाल्याची नोंद झाली आणि अमेरिकी कृषीखात्याच्या आहार-निकषांप्रमाणे अन्न द्या असं कोर्टाला सांगावं लागलं.

आपल्या जेलच्या डाळीबद्दलही कुणी चांगलं बोलत नाही, ते बाजूला ठेवू. फरक इतकाच की इथे डाळ पातळ असल्याची फुशारकी पत्रकार परिषद घेऊन कुणी मारत नाही. आणि काउंटी जेलमधले बहुसंख्य लोक आपल्याकडे ज्यांना कच्चे कैदी म्हणतात ते होते. खटला अजून उभा राहायचा, गुन्हा शाबीत व्हायचा, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत. शिक्षा झालेल्यासाठी आखलेलं ताट यांच्याही पुढे.

गुलाबी चड्डीची कथा थोडक्यात: पांढरी अंतर्वस्त्रं सुटताना चोरीला जातात म्हणून १९९५ मध्ये ती गुलाबी रंगवली. गाजली म्हटल्यावर तशाच चड्ड्या बाजारात विकून स्वयंसेवक पथकासाठी पैसे उभे केले. त्याच वर्षी पायात साखळी अडकवून रस्त्यावर काम करणाऱ्या कैद्यांच्या टोळ्या निघाल्या, १९९६ मध्ये बायकांच्याही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सरसकट बेड्या घालणं घटनाबाह्य ठरवलं आहे. त्यामुळे ‘आपल्याकडे पाहिजे’ म्हणणाऱ्यांनी निदान ही एक वस्तू यादीतून काढावी.

कोठडीतले मृत्यू हा परीक्षणाच्या हलक्या सुरात बसणारा विषय नाही. १९९६ मध्ये एका कैद्याला जखडण्याच्या खुर्चीत बांधलं आणि तो गेला. त्याच्या कुटुंबाला तडजोडीत ८२.५ लाख डॉलर द्यावे लागले. २००८ मध्ये तुरुंगातल्या आरोग्यसेवेची राष्ट्रीय मान्यताही गेली.

नाकाबंदी

या सेवेचा सगळ्यात महाग भाग हा, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

सकाळी सात-आठला ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही मजूर नाक्यावर काय दिसतं? गवंडी, रंगारी, बिगारी घोळक्याने उभे, एखादा टेम्पो थांबतो, दोघांना घेतो, निघतो. केव्ह क्रीक गावात एका चर्चच्या आवारात असाच नाका भरायचा. सप्टेंबर २००७ मध्ये शेरीफची माणसं त्यावर नजर ठेवून होती. मजूर घेतलेला ट्रक पुढे निघाला, वेगमर्यादेचं कारण काढून थांबवला. चालक गोरा अमेरिकी. त्याला पावतीही न फाडता सोडलं. मागे बसलेल्या मेक्सिकन मजुराला उतरवून काही तास अडकवलं. त्याच्याकडे वैध पर्यटक व्हिसा होता, म्हणून अखेर केंद्राच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी त्याला सोडून दिलं. या मजुराच्या आडनावाने डिसेंबर २००७ मध्ये दाखल झालेला खटला मेलेंड्रेस खटला म्हणून ओळखला जातो.

त्यामागची यंत्रणा अशी. फेब्रुवारी २००७ मध्ये केंद्राशी करार करून शेरीफच्या सुमारे १६० माणसांनी इमिग्रेशन तपासणीचे अधिकार मिळवले. लोकांना संशयितांची खबर द्यायला हॉटलाइन उघडली. मग एखादी वस्ती निवडायची, तिथे एकदम डझनावारी गाड्या आणि स्वयंसेवक उतरवायचे. कायद्याने गाडी थांबवायला कारण लागतं, पण कारण मिळायला वेळ लागत नाही: काचेला तडा, नंबरप्लेटवरचा दिवा बंद, इंडिकेटर उशिरा दिला. जो पाच मिनिटं गाडी चालवतो त्याची एक तरी चूक सापडतेच. शंभर गाड्यांत शंभर चुका असताना पोलीस कुणाला थांबवतो आणि थांबवल्यावर मागच्या सीटवरच्या माणसाला काय विचारतो, यात भेदभाव लपतो. चलन बरोबर असतं, निवड चुकीची असते. हे सिद्ध करायला एक घटना पुरत नाही, शेकडो थांब्यांची आकडेवारी लागते. म्हणूनच फिर्यादी पक्षाने अंतर्गत ई-मेल आणि गस्तीचे नोंदतक्ते मागितले. त्यातले बरेच नष्ट केल्याचं निघालं आणि कोर्टाने त्याचा अर्थ शेरीफच्या विरोधात लावायची मुभा घेतली.

ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राने रस्त्यावरचे अधिकार काढून घेतले. २३ डिसेंबर २०११ रोजी न्यायाधीश मरे स्नो यांनी मनाई हुकूम दिला: केवळ देशात बेकायदा राहतो या समजुतीवर कुणाला अडकवू नका, राज्याचा दुसरा गुन्हा नसेल तर सोडा. हुकूम सोपा होता. शेरीफ ऑफिसने तो खालपर्यंत पोचवलाच नाही. सुमारे दीड वर्ष तेच चालू राहिलं आणि त्यात दीडशेहून जास्त माणसं बेकायदा अडकवली गेली. अर्पायो मुलाखतींतून सांगत राहिले की आपण जे करतो तेच करत राहणार. कोर्टाचा अवमान सिद्ध करायला सरकारी वकिलांना फार खणावं लागलं नाही, पुरावा टीव्हीवरच होता.

मे २०१३ मध्ये निकाल लागला, भेदभाव सिद्ध झाला. ऑक्टोबरच्या आदेशाने जे काही लादलं त्यातलं काही आपल्या वाहतूक शाखेनेही वाचावं: गाडी थांबवण्यापूर्वी कारण वायरलेसवर सांगायचं, थांबा किती मिनिटं चालला याची नोंद ठेवायची, चालकाचा आणि सहप्रवाशांचा पोलिसाला वाटलेला वंश लिहायचा, सगळं चित्रित करायचं आणि कोर्टाने नेमलेला निरीक्षक ते तपासणार. आपल्याकडे पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवून १८ महिन्यांचं चित्रण जपायला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. विचार तोच आहे. नोंद असेल तर भांडता येतं.

नाकाबंदीला तारा नाही.

तक्रार रजिस्टर

एजन्सीचा गार्ड गेटवर मिरवत असताना बी-विंगच्या मागची भिंत कुणी उडी मारून गेलं, असा प्रकार इथे झाला. एल मिराज या गावाची पोलीससेवा शेरीफकडे कंत्राटाने होती. गावाने स्वतःचं पोलीसखातं सुरू केलं तेव्हा जुन्या फायली हाती आल्या. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी, अनेकींत पीडित लहान मुलं, आणि तपास जवळपास कोराच. काउंटीभर मोजल्यावर नीट तपास न झालेली अशी प्रकरणं ४०० हून जास्त भरली. डिसेंबर २०११ मध्ये अर्पायो यांनी माफी मागितली, तीही ‘कुणी पीडित असतील तर’ अशा सुरात. ईस्ट व्हॅली ट्रिब्यून या स्थानिक दैनिकाने इमिग्रेशन मोहिमांमुळे तातडीच्या फोनला पोलीस उशिरा पोचू लागले हे आकड्यांनिशी दाखवलं आणि २००९ चं पुलित्झर मिळवलं.

तक्रार करणाऱ्याचं काय होई? ऑक्टोबर २००७ मध्ये फिनिक्स न्यू टाइम्स या साप्ताहिकाच्या दोन मालकांना रात्री घरून उचललं. त्यांनी वाचकांची माहिती मागणारं गुप्त समन्स छापलं होतं. खटला दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला, आणि २०१३ मध्ये काउंटीने ३७.५ लाख डॉलर मोजले. बजेटवर कुरकूर करणाऱ्या सुपरवायझरांवर आणि एका न्यायाधीशावरही गुन्हे दाखल झाले, ते टिकले नाहीत. त्या कामात साथ देणारे काउंटीचे सरकारी वकील अँड्रयू थॉमस यांची सनद २०१२ मध्ये रद्द झाली. चेक फाडणाऱ्या कमिटीवरच एजन्सीने केस टाकावी, असा मामला.

ओबामांच्या जन्मदाखल्याचा शोध, चित्रपट-नट बरोबर घेऊन घातलेला छापा वगैरे वेळ घालवायला चांगलं आहे. सेवेशी संबंध नाही.

बिल

मतदारांनी १९९८ मध्ये फक्त तुरुंगांसाठी म्हणून विक्रीकरात डॉलरमागे एक पंचमांश सेंटची वाढ मान्य केली होती. २०११ मध्ये काउंटीच्या हिशोबनिसांनी तपासलं तर आठ वर्षांत त्यातले ९.९५ कोटी डॉलर भलतीकडे गेलेले. पद्धत साधी होती: पगारपत्रकावर माणूस तुरुंगात, प्रत्यक्षात तो रस्त्यावर गस्त घालतोय. शेरीफ ऑफिसची स्वतःची हजेरी वेगळी आणि काउंटीची वेगळी. दोन वह्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा फरक दिसला. सोसायटीच्या सिंकिंग फंडातून गार्डचा पगार दिल्यासारखंच हे. ऑडिटर पकडतोच, फक्त आठ वर्षांनी.

त्यावर खटले, नुकसानभरपाया आणि वकिलांची फी. अर्पायो यांच्या कारकिर्दीमुळे काउंटीला पडलेला हा खर्च १४ कोटी डॉलरच्या पुढे गेल्याचं सर्वत्र छापून आलं. त्यांनी खिशातून काय भरलं, तर जवळपास काही नाही. मिठात वर्षाला २० हजार वाचले हे धरलं तर ते १४ कोटी फिटायला ७ हजार वर्षं अळणी जेवावं लागेल.

आणि बिल त्यांच्याबरोबर गेलं नाही. मे २०१६ मध्ये दिवाणी अवमान, मग फौजदारी. ३१ जुलै २०१७ रोजी न्यायाधीश सुझन बोल्टन यांनी दोषी ठरवलं, शिक्षा ऑक्टोबरमध्ये व्हायची होती, २५ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली. माफी माणसाला मिळाली, ऑफिसला नाही. कोर्टाचे आदेश ऑफिसवर आहेत, शेरीफ कुणीही असो. पेन्झोन यांच्या काळातच खात्यांतर्गत चौकशांचा ढीग दोन हजारांच्या घरात गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनाही अवमानाचा ठपका झेलावा लागला. २०२४ मध्ये निवडून आलेले जेरी शेरिडन हे अर्पायो यांचे जुने उपप्रमुख, २०१६ च्या दिवाणी अवमानात त्यांचंही नाव होतं.

मग सहा वेळा कंत्राट मिळालं कसं? ज्यांना तंबूत झोपावं लागलं, ट्रकमधून उतरावं लागलं, त्यांतल्या बहुतेकांना मत नव्हतं किंवा ते मतदानाला जात नव्हते. ज्यांना मत होतं त्यांना पाटी दिसत होती, ताटाचा भाव ऐकू येत होता. हिशोब दरवर्षीच्या बजेटच्या एका रकान्यात, ‘जोखीम व्यवस्थापन’ नावाखाली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये फौजदारी आरोप लागला, नोव्हेंबरमध्ये ते हरले. त्यानंतर २०१८ ला सिनेटची, २०२० ला शेरीफपदाची उमेदवारी आणि २०२२ ला फाउंटन हिल्सचं महापौरपद, तिन्ही हुकलं.

सध्या तिथे गाडी चालवणाऱ्यांसाठी

मुलं तिकडे असतील तर एवढं त्यांना पाठवा. गाडी थांबवली तर उजवीकडे घेऊन उभी करायची, आतला दिवा लावायचा, काच खाली, दोन्ही हात स्टीअरिंगवर दिसतील असे. आपल्याकडच्या सवयीने खाली उतरून साहेबांकडे चालत जायचं नाही. तिथे तो धोक्याचा इशारा समजतात. लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, विमा मागितल्यावरच डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालायचा, आणि घालण्याआधी तसं बोलून सांगायचं. कायदेशीर कारणाने अडवलं असेल तर खरं पूर्ण नाव सांगणं ॲरिझोनात बंधनकारक आहे. गाडीची झडती घेऊ का, असं विचारलं तर नम्रपणे नाही म्हणता येतं. पैसे पुढे करायचा विचारही करू नये, तो वेगळा गुन्हा आहे.

कागदांचं: १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा केंद्राचा कायदा आहे. विद्यार्थ्याने आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) प्रत पाकिटात, आय-२० (युनिव्हर्सिटीने दिलेला विद्यार्थी असल्याचा दाखला) आणि पासपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. ॲरिझोनाच्या २०१० च्या कायद्यातलं, अडवलेल्या माणसावर संशय आला तर इमिग्रेशनची स्थिती तपासायला पोलिसांना सांगणारं ‘कागद दाखवा’ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये टिकवलं, पण फक्त कागद तपासायला थांबा लांबवणं घटनेच्या कचाट्यात येऊ शकतं असंही बजावलं. चलन हातात पडलं की ‘मी आता जाऊ का?’ हा प्रश्न स्पष्ट विचारावा. उत्तर चित्रित होतं. अटक झालीच तर भारतीय वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क आहे, आणि तो हक्क आहे हे पोलिसांनीच सांगायचं असतं.

वागणूक चुकीची वाटली तर रस्त्यावर वाद नको. थांब्याची तारीख, वेळ, जागा आणि पोलिसाचा बॅज नंबर लिहून ठेवावा, तक्रार द्यावी आणि सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण मागावं. चलनावर कुठल्या खात्याचं नाव छापलंय ते आधी पाहावं: टेम्पीच्या रस्त्यावर बहुधा टेम्पी पोलीस असतात, हायवेवर राज्याचे, शेरीफचे नाहीत. भलत्या ऑफिसला अर्ज गेला तर तो परत येईपर्यंत महिने जातात.